लेकराआधी एक घास

लोक खिशाला पेन लावतात. आमचे हेडसर चमचा लावायचे. स्टीलचा, जेवणाचा, दांडी खिशात, वाटी बाहेर. सकाळी परिपाठाला ते पूर्वेकडं तोंड करून उभे राहिले की त्या चमच्यावरून उन्हाचा कवडसा उठायचा आणि पहिलीच्या रांगेवरून फिरायचा. वर प्रतिज्ञा चालू आणि खाली सगळ्यांचे डोळे कवडशाच्या मागं. पेन कानावर असायचं. एकदा जिंतूरच्या बैठकीत साहेबांनी सहीसाठी हात पुढं केला, तर यांनी गडबडीत चमचाच काढून दिला, आणि साहेबांनीही तितक्याच गडबडीत तो कागदावर टेकवला. ही गोष्ट मी इतक्या वेळा, इतक्या हावभावांसकट सांगितली आहे की ती घडली होती का मीच रचली, हे आता माझं मलाही सांगता येत नाही.

चमचा मात्र खरा होता. त्याचं कारणही खरं होतं.

आमची शाळा जिल्हा परिषदेची. चारठाण्याच्या अलीकडं डांबरी सोडून आत गेलं की चार खोल्या, एक लिंब आणि पत्र्याचं किचनशेड. शाळेत दुपारी खिचडी शिजते. नियम असा, की लेकरांना वाढायच्या अर्धा तास आधी एका शिक्षकानं ती चाखायची आणि चव रजिस्टरात शेरा मारून सही करायची. काही बरंवाईट असलं तर ते आधी मास्तरला व्हावं, हा त्यातला मथितार्थ. कित्येक शाळांत पहिल्या तारखेलाच महिनाभराचं 'चव चांगली' लिहून टाकतात. मीही माझ्या आधीच्या शाळेत लिहिलं आहे. हेडसरांचं रजिस्टर मात्र वाचण्यासारखं असायचं. 'मीठ भित्रं आहे.' 'वरणात आज डाळ दिसली, अभिनंदन.' 'वाटाणा खाण्यासाठी असतो, गोट्या खेळण्यासाठी नव्हे.' एक दिवस नुसतंच, 'कांताबाईंचं घरी भांडण झालेलं दिसतं. तिखट.'

कांताबाई म्हणजे आमच्या स्वयंपाकीणबाई. भांडण खरंच झालेलं होतं.

चाखून झालं की हेडसर किचनच्या दारात खुर्ची टाकायचे, मनगटावरचं घड्याळ काढून मांडीवर ठेवायचे आणि अर्धा तास बसायचे. अर्धा तास म्हणजे अर्धा तास. पोरं ताटं वाजवायची, कावळे जमायचे, आम्ही मास्तरलोक लिंबाखाली हसायचो. तीस मिनिटं भरली की ते उठून सगळ्या शाळेला ऐकू जाईल असं ओरडायचे, "मी मेलो न्हाई. वाढा!"

"आन् मेलाव तर सर?" कांताबाई विचारायच्या.

"तर वाढू नका."

त्यांचं एक वाक्य होतं, ते नव्या शिक्षकाला पहिल्याच दिवशी ऐकवलं जायचं. लेकराआधी एक घास आपण खायचा. ज्यानं खाल्ला नाही त्यानं वाढायचं नाही. मी ते वाक्य त्यांच्या आवाजात, चमचा नाचवत, लग्नाकार्यांत म्हणून दाखवायचो. टाळ्या मिळायच्या. माझी ही एक खोड आहे. माणूस भेटला की मी त्याची नक्कल बसवायला घेतो, आणि नक्कल बसली की मला वाटतं, माणूस समजला.

त्यांची मुलगी वेणू आमच्याच शाळेत तिसरीला होती. लग्नानंतर सोळा वर्षांनी झालेली. हेडसर गावातच राहायचे, शाळेच्या मागं, त्यामुळं वेणू दिवसाचे चोवीस तास शाळेत असल्यासारखीच होती. एका तासात ती चारदा पाणी प्यायची, नवी पेन्सिल टोक करून करून संपवायची, तिसरीच्या खिडकीतून चौथीच्या प्रश्नाचं उत्तर द्यायची, आणि तेही बरोबर. परिपाठ चालू असताना शेळ्यांचा कळप गेला तर ती शेळ्यांबरोबर जायची. एकदा एसटी थांबली म्हणून चढली आणि थेट जिंतूरच्या स्टँडावर सापडली. विचारलं तर म्हणाली, "दार उघडं व्हतं." एका चपलेवर घरी येणं हे तर रोजचंच. मारून, रागावून, देवाला नवस बोलून झालं. रात्री झोपल्यावरही तिचे पाय चालू असतात, असं तिची आई, आमच्या वहिनी, सांगायच्या.

परभणीच्या लहान मुलांच्या डॉक्टरीणबाईंनी तिला नीट तपासलं आणि सांगितलं, याला एडीएचडी म्हणतात. लेकरू वांड नाही, तिच्या मनाला ब्रेक उशिरा लागतो. गोळी लिहून दिली, सवयी कशा लावायच्या ते समजावलं, आणि निघता निघता आहाराचं सांगितलं. सकाळी शाळेआधी पोटभर खाऊ घाला, गोळीनं भूक थोडी मरते म्हणून. डाळ, शेंगदाणे, अंडी, पालेभाजी रोज असू द्या. वेळच्या वेळी जेवण. एखादा पदार्थ सोसत नाही असं वाटलं तर मला विचारा, मनानं काही बंद करू नका.

एवढ्या सगळ्यातला एकच शब्द हेडसर घेऊन आले. आहार.

"गोळी म्हणजे पोरीच्या डोक्यात पोलीस बसवणं," ते आम्हाला म्हणाले. चिठ्ठी चव रजिस्टरात खुणेला ठेवली. "दुखणं ताटातून आलंय, ताटातूनच जाईल. ताट खोटं बोलत न्हाई."

मग मोबाईल होताच. कुणी साखरेवर घसरलेला, कुणी दुधावर, कुणी गव्हावर. दहा मिनिटांच्या व्हिडिओत प्रत्येकाकडं एक गुन्हेगार होता. हेडसरांनी घरातल्या स्वयंपाकखोलीच्या दारामागं खडूनं 'बंद' असा मथळा लिहिला. दिवाळी नुकतीच झाली होती. पहिल्यांदा साखर बंद झाली. वेणू चार दिवस बरी वागली आणि पाचव्या दिवशी लिंबावर चढली. मग रंगाच्या गोळ्या आणि बिस्किटं. पुन्हा चार दिवस बरे. मग दूध. मग गहू. दर वेळी चार दिवस गुण यायचा, कारण घरातली दोन मोठी माणसं चार दिवस फक्त तिच्याकडंच बघत असायची, हे त्या वेळी कुणाच्या डोक्यात आलं नाही. पाचव्या दिवशी हेडसर दुसरा पदार्थ पकडायचे. शेंगदाणे उष्ण म्हणून, तूर पित्त करते म्हणून, अंडं तर विचारूच नका. गूळ गेला. अंबाडी, मेथी गेली. शाळेची खिचडी गेली, म्हणजे सगळी शाळा जेवायला बसायची आणि वेणू स्वतःचा डबा घेऊन ऑफिसात बसायची. उन्हाळ्यापर्यंत दाराच्या मागं जागा उरली नाही. यादीबाहेर तीन गोष्टी राहिल्या होत्या: भगर, दुधी आणि मुगाचं पाणी.

मी ते दार पाहिलं आहे. वहिनींनीच मला बोलावलं होतं. शाळेच्या कुंपणाशी गाठून म्हणाल्या, "भाऊजी, तुमचं ऐकतेत ते. जरा बोला की. पोरगी रातच्याला पोट धरून बसायलीय."

मी गेलो. छाती पुढं काढून गेलो, खरंच बोलणार होतो. हेडसरांनी मला दारासमोर उभं केलं आणि चमचा एकेका पदार्थाच्या नावावर बोटासारखा ठेवत खटला चालवला. "ही तूर. दिसायला गरीब. पर आत काय करती मालूमाय का?" तुरीचा, गव्हाचा, दुधाचा असा काही आवाज काढला त्यांनी, की मी हसून हसून बेजार झालो. मग मीही शेंगदाण्याच्या बाजूनं वकील म्हणून उभा राहिलो. अर्धा तास आमचं नाटक रंगलं. वेणू उंबऱ्यावर बसून बघत होती. ती हसली नाही. तिला हसायला वेळ लागायचा आता. निघताना वहिनी अंगणात उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडं बघत.

मी म्हणालो, "वहिनी, सर लय अभ्यास करायलेत."

हे माझं वाक्य. हेडसरांची शेकडो वाक्यं मला पाठ आहेत, पण या गोष्टीतलं सगळ्यात पाठ झालेलं वाक्य हे आहे.

त्यानंतर वेणू खरोखर शांत होत गेली. पावसाळ्यात शाळा उघडली तेव्हा ती बाकावर बसलेली असायची. बसलेलीच असायची. शेळ्या गेल्या तरी मान वळवायची नाही. पेन्सिलीला टोक केलं नाही तरी चालायचं, कारण लिहितच नव्हती. आम्ही पाच मास्तरांनी हा चमत्कार डोळ्यांनी पाहिला. कांताबाई तेवढ्या म्हणाल्या, "सर, लेकरू वाळायलंय," तर हेडसर म्हणाले, "चरबी झडायलीय." त्या दिवसांत ऑफिसातला खडूंचा डबा सारखा रिकामा व्हायचा. हेडसरांनी सूचना लावली: 'खडू काटकसरीनं वापरावेत.' मी खडूचोरावर एक छोटं प्रहसन बसवलं होतं.

पालक मेळाव्याला हेडसरांना वेणूचा गुण गावाला दाखवायचा होता, आणि सूत्रसंचालन माझ्याकडं होतं. कल्पना माझी. मी स्टेजवर एक खुर्ची ठेवली, टेबलावर उदबत्ती लावली आणि माइकवरून जाहीर केलं की, ज्या पोरीला बारा मिनिटं एका जागी कुणी पाहिलं नाही, ती आता ही उदबत्ती संपेपर्यंत हलणार नाही. वेणू आली, बसली. हात मांडीवर. राख वाकत वाकत खाली पडत होती. मी हळू आवाजात क्रिकेटची करावी तशी कॉमेंट्री करत होतो. "अर्धी झाली... माशी नाकावर... बघा, हाकलतसुद्धा न्हाई!" लोक पोट धरून हसले. शेवटचा धूर निघाला तेव्हा सगळा मांडव टाळ्यांनी दणाणला. दोन बाया पुढं येऊन हेडसरांना विचारायला लागल्या, आमच्या पोराचं काय काय बंद करावं म्हणून. ते चमच्याला हात लावून उभे होते, डोळे भरून आलेले.

टाळ्या थांबल्या तरी वेणू खुर्चीतच होती. मी म्हणालो, "ऊठ बाळा, झालं." ती माझ्याकडं बघत राहिली. शेवटी मी दोन्ही हात धरून तिला उठवलं. हात गार होते. मला वाटलं, घाबरली असेल.

पोळ्याच्या आदल्या दिवशी आम्ही वर्गात मातीचे बैल करायला बसतो. वेणू आता चौथीत होती, आणि त्या दिवशी चौथी माझ्याकडं होती. सगळ्यांचे बैल उभे राहिले, वेणूच्या बैलाला ना शिंगं ना कान. मी तो उचलून वर्गाला दाखवला. "काय गं, शिंगं कुठायत बैलाची?"

"खाल्ली," वेणू म्हणाली.

वर्ग खदखदून हसला. मीही. आणि तो बैल तसाच हातात घेऊन किचनच्या दारात गेलो, हे कांताबाईंना सांगायला. इतका चांगला विनोद एकट्यानं ठेवणं मला जमत नाही. कांताबाई हसल्या नाहीत. ओले हात लुगड्याला पुसत तडक वर्गात गेल्या, वेणूचं तोंड उघडलं. दातांना, जिभेला माती. मग अंगठ्यानं तिच्या डोळ्याची खालची पापणी ओढली.

"पांढरं फटक हाय की वो मास्तर. ही कव्हापासून खायलीय माती?"

"माती आजच," वेणू म्हणाली. "रोज खडू."

एवढं सांगायला ती उभी राहिली होती. मग बसली नाही, पडली.

परभणीला पोचेपर्यंत जीपमध्ये हेडसर एकच गोष्ट बोलत होते, की काल रात्री भगरीला मीठ जास्त पडलं होतं, त्याचंच असावं. त्याच डॉक्टरीणबाई होत्या. वेणूला रक्त चढवायला लागलं. संध्याकाळी त्यांनी हेडसरांना समोर बसवलं. मी आणि वहिनी मागं उभे. अंगात रक्त उरलं नव्हतं, म्हणून लेकरू माती, खडू शोधत होतं, असं त्या म्हणाल्या. आणि रक्त कमी असलं की लक्ष आणखीच लागत नाही, म्हणजे दुखण्याला तुम्ही दुखणं जोडलं.

"पण शांत झाली होती मॅडम," हेडसर म्हणाले. "सगळ्या गावानं पाहिलं. यांना विचारा."

मी मान खाली घातली.

"भुकेलं लेकरू शांतच होतं, सर." मग त्यांनी विचारलं. टोमणा नव्हता, कागदावर लिहून घ्यायला विचारावं तसं. "हे जे भगर, दुधी, मुगाचं पाणी तिला देत होतात, ते तुम्ही स्वतः किती दिवस खाऊन बघितलं?"

हेडसरांचा हात खिशाकडं गेला. चमचा तिथं होता. त्यांनी तो धरला आणि धरूनच ठेवला. ज्या माणसानं दोनशे परक्या लेकरांच्या आधी रोज एक घास खाल्ला, त्यानं स्वतःच्या लेकराच्या ताटाला दहा महिन्यांत एकदाही जीभ लावली नव्हती. मागं वहिनी पहिल्यांदा आवाज करून रडल्या.

वेणू वाचली. पुढचं सांगायला मला आवडत नाही, कारण त्यात नक्कल करण्यासारखं काहीच नाही.

हेडसरांनी दारामागची यादी पुसली आणि दुसऱ्या दिवसापासून स्वतः तेच खायला लागले. भगर, दुधी, मुगाचं पाणी. दिवाळी ते पोळा तिनं खाल्लं, तेवढे दिवस मी खाणार, म्हणाले. आम्ही हात जोडले. डॉक्टरीणबाईंनी फोनवर झापलं. वहिनी बोलायच्या बंद झाल्या. त्या आता सकाळी वेणूला अंडं, भाकरी, शेंगदाण्याची चटणी खाऊ घालायच्या, गोळी द्यायच्या, आणि नवऱ्यासमोर त्यानं मागितलेली भगर नुसती ठेवायच्या. हेडसरांची गालफडं बसली. खुर्चीवर बसले की उठताना दोन्ही हात टेकवायचे. चव रजिस्टर माझ्याकडं आलं. पहिल्या दिवशी मी चाखून अर्धा तास बसलो आणि 'मी मेलो न्हाई' म्हणायला तोंड उघडलं. पण नुसतं 'वाढा' म्हणालो.

जानेवारीत एक अधिकारी तपासणीला आले. जाताना म्हणाले, "तुमचे हेडमास्तर फार शांत गृहस्थ आहेत."

एप्रिलअखेर हेडसर निवृत्त झाले. निरोपाला गावानं मांडव घातला, पुरी, वरण, वांग्याची भाजी, जिलेबी. भाषणं झाली. माइक माझ्याच हातात होता, पण त्या दिवशी मी कुणाची नक्कल केली नाही. पंगत बसली आणि हेडसरांनी ताटाला हात लावला नाही. सरपंच विनवून गेले, जुने विद्यार्थी पाया पडले.

"अजून दोन महिने बाकी हायत," ते एवढंच म्हणायचे.

तेवढ्यात वेणू आली. एक चप्पल पायात. डोक्याची वेणी सुटलेली, हाताला कुठूनतरी गुलाल लागलेला. सरळ बापाच्या खिशातला चमचा ओढला, त्यांच्या ताटातलं वरण घेऊन प्यायली आणि त्यांचं घड्याळ मनगटावरून काढून त्यांच्याच मांडीवर ठेवलं. मग पळाली. मांडवाला वळसा घालून परत आली. "झाला का अर्धा तास?" नव्हता झाला. पुन्हा पळाली. पाण्याचा जार पाडला, कुणाच्यातरी पोराला चिमटा काढला, आली. "झाला का?" पंगत जेवायची थांबली होती. वाढपी भांडी घेऊन जागच्या जागी उभे. असे तिनं किती फेरे मारले मी मोजलं नाही. हेडसर मांडीवरच्या घड्याळाकडं बघत होते, मान न उचलता.

शेवटी ते म्हणाले, "झाला."

वेणू धापा टाकत समोर उभी राहिली. "मी मेले न्हाई. खा."

हेडसरांनी तोंड उघडलं. तिनं चमचा भरून घातला. वरण त्यांच्या हनुवटीवरून गळ्याला गेलं. त्यांनी पुसलं नाही. दुसरा घातला. तिसरा. वहिनी खांबाला धरून उभ्या होत्या. त्यांनी तोंडाला पदर लावला.

मग वेणूनं त्यांच्या ताटातली जिलेबी उचलली. तोंडाजवळ नेली आणि थांबली. ती अजूनही अशीच थांबते. कुठलाही घास असो, मधेच हात थांबतो आणि डोळे दाराची मागची बाजू शोधतात. मांडवाला दार नव्हतं.

"हे चालतं का मला?"

माझ्या हातातला माइक चालू होता, म्हणून ते सगळ्या मांडवाला ऐकू गेलं. हेडसर घाईघाईनं मान हलवायला लागले, हो, हो, तोंडातल्या घासासकट. पण वेणू त्यांच्याकडं बघतच नव्हती. पंगतीच्या टोकाला कांताबाई वरणाची बादली घेऊन उभ्या होत्या. तिनं विचारलं होतं त्यांना.